विश्लेषण : मोबाइलवर ६ अंश, वेधशाळेत ११, थंडीचा अंदाज वाचायचा कसा?

डिसेंबर उजाडला की टेंभुर्णी परिसरातल्या मोबाइलवर दोन गोष्टी हमखास फिरू लागतात. एक, पुणे-सोलापूर महामार्गावर उसाच्या ट्रॅक्टरमागे अडकलेल्या वाहनांचे व्हिडीओ. दुसरी, निळ्या-जांभळ्या रंगांचा महाराष्ट्राचा नकाशा आणि त्याखाली ‘येत्या चार दिवसांत पारा ५ अंशांवर’ अशी ओळ. नकाशा कुणी काढला, कधी काढला, तो कोणत्या वेळेचा आहे, याचा पत्ता नसतो. तरीही त्यावर विसंबून केळीच्या बागेला रात्री पाणी सोडायचे की नाही, द्राक्षाच्या फुगवणीची फवारणी पुढे ढकलायची की उरकायची, ऊसतोडीच्या टोळीला पहाटे किती वाजता फडात उतरवायचे, असे निर्णय होतात. चार दिवसांनी पारा १२ अंशांवर थांबतो आणि सगळा राग ‘हवामान खात्या’वर निघतो. प्रत्यक्षात तो नकाशा बहुतेक वेळा हवामान विभागाचा नसतोच. तो एका संगणकीय मॉडेलच्या एका फेरीचे चित्र असतो. मॉडेलचे चित्र आणि हवामान विभागाचा अंदाज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

एकाच गावाचे तीन आकडे कसे?

हवामानाचे मॉडेल म्हणजे पृथ्वीभोवतीच्या हवेचे चौकोनी तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यातील तापमान, दाब, वारा, बाष्प यांची पुढची स्थिती गणिताने काढणारी संगणकप्रणाली. तुकडा जितका लहान, तितका तपशील अधिक. अमेरिकेच्या ‘जीएफएस’ मॉडेलचा तुकडा साधारण १३ किलोमीटरचा, युरोपीय केंद्राच्या (‘ईसीएमडब्ल्यूएफ’) मॉडेलचा ९ किलोमीटरचा. भारतीय हवामान विभाग वापरत असलेल्या ‘जीएफएस’चा १२ किलोमीटरचा. पुण्याच्या ‘आयआयटीएम’मध्ये विकसित झालेली ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ २६ मे २०२५ रोजी देशाला मिळाली, तिचा तुकडा ६ किलोमीटरचा आहे. त्यासाठीचा ‘अर्क’ हा महासंगणकही पुण्यातच आहे.

आता ९ किलोमीटरचा एक चौकोन टेंभुर्णीवर ठेवून पाहावा. त्यात गाव येते, औद्योगिक वसाहत येते, महामार्ग येतो, उसाचे ओले फड येतात, कोरडी माळराने येतात. चौकोन थोडा सरकला तर उजनीच्या पाण्याचा एखादा पट्टाही त्यात येतो. मॉडेल या सगळ्याला मिळून एकच तापमान देते. मोबाइलमधील ॲप शेजारच्या चार चौकोनांचे आकडे घेऊन मधला आकडा काढते आणि ‘टेंभुर्णी, ६ अंश’ असे ठासून सांगते. एका ॲपमागे एक मॉडेल, दुसऱ्यामागे दुसरे, म्हणून आकडे वेगळे. आणखी एक गैरसमज दूर व्हायला हवा. ॲपवर ‘आत्ताचे तापमान’ म्हणून जे दिसते, तेही अनेकदा कुठल्या तापमापीवरचे नसते. तो मॉडेलचाच हिशेब असतो.

थंडी येते कुठून?

सोलापूर जिल्ह्यातील थंडी जिल्ह्यात तयार होते, पण तिचा कच्चा माल उत्तरेकडून येतो. भूमध्य समुद्राच्या बाजूने निघालेले पश्चिमी विक्षोभ, म्हणजे वेस्टर्न डिस्टर्बन्स, हिमालयात बर्फ पाडतात. ते पुढे सरकले की त्यांच्यामागून कोरडे, थंड वारे राजस्थान, मध्य प्रदेश ओलांडून खानदेशात उतरतात. म्हणूनच आधी जळगाव, धुळे, निफाड गारठते आणि मग नगर, पुणे, सोलापूर. हे वारे दक्षिणेपर्यंत पोहोचतील की नाही, हे मध्य भारतावर हवेचा उच्च दाब नेमका कुठे बसतो यावर ठरते. तो थोडा पूर्वेकडे सरकला की सोलापूरला उत्तरेऐवजी पूर्वेचा वारा मिळतो. पूर्वेचा वारा म्हणजे बंगालच्या उपसागराचे बाष्प. बाष्प म्हणजे ढग, आणि ढग म्हणजे रात्रीचे पांघरूण.

याचे चांगले उदाहरण २०२४ चे आहे. नोव्हेंबरच्या अखेरीस राज्यात चांगलीच थंडी पडली होती. त्याच वेळी बंगालच्या उपसागरात ‘फेंगल’ चक्रीवादळ तयार झाले आणि ३० नोव्हेंबरला ते पुदुच्चेरीजवळ किनाऱ्यावर आले. वादळ तमिळनाडूत, पण डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात महाराष्ट्रात आभाळ भरून आले आणि किमान तापमान झपाट्याने चढले. आधीच्या आठवड्यातला नकाशा जपून ठेवणाऱ्याला हा अंदाज ‘फसला’ असे वाटले असणार. टेंभुर्णीची थंडी पाहायची तर एक डोळा हिमालयावर आणि दुसरा बंगालच्या उपसागरावर ठेवावा लागतो. नुसते काश्मीरमधील बर्फाचे फोटो पाहून थंडी ठरत नाही. तेच ‘ला निना’चे. प्रशांत महासागरातील ही स्थिती संपूर्ण हंगामाचा कल सांगू शकते, पण पुढच्या मंगळवारी पहाटे काय होईल, हे तिला विचारण्यात अर्थ नाही.

‘लाट’ म्हणायची कधी?

अंगात दोन स्वेटर चढले म्हणजे थंडीची लाट, अशी व्याख्या नाही. हवामान विभागाच्या निकषानुसार मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली हवे आणि ते त्या दिवसाच्या सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी कमी हवे. घट ६.४ अंशांहून अधिक असेल तर ती तीव्र लाट. पारा ४ अंशांवर किंवा त्याखाली गेला तर सरासरी न पाहताच लाट, आणि २ अंशांवर किंवा त्याखाली गेला तर तीव्र लाट. शिवाय त्या हवामानशास्त्रीय उपविभागातील किमान दोन केंद्रांवर सलग दोन दिवस ही स्थिती हवी. घोषणा होते ती दुसऱ्या दिवशी.

गोम आहे ती ‘उपविभाग’ या शब्दात. सोलापूर जिल्हा मध्य महाराष्ट्र या उपविभागात मोडतो आणि हा उपविभाग वर जळगाव-धुळ्यापासून खाली कोल्हापूर-सांगलीपर्यंत पसरला आहे. जळगाव आणि नाशिक गारठले की ‘मध्य महाराष्ट्रात थंडीची लाट’ अशी बातमी होते आणि ती खरीही असते. पण त्या पहाटे टेंभुर्णीत १३ अंश असू शकतात. उलटही घडते. सोलापूरचे डिसेंबर-जानेवारीतील सरासरी किमान तापमान १५-१६ अंशांच्या आसपास आहे. तिथे सलग आठ रात्री ११ अंश राहिले तर लाट जाहीर होणार नाही, पण केळीच्या पोग्याला तेवढे पुरते. १२-१३ अंशांखाली केळीची वाढ मंदावते, पाने पिवळी पडतात, घड नीट बाहेर पडत नाही. शेतकऱ्याचा उंबरठा आणि सरकारी उंबरठा वेगळा आहे.

जिल्हानिहाय रंगांचेही तसेच. हिरवा म्हणजे काळजी नको, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. रंग परिणामाचा इशारा देतो, तापमानाचा आकडा नव्हे. ‘सोलापूरला यलो अलर्ट’ याचा अर्थ पारा अमुक अंशांवर जाणार, असा काढता येत नाही.

जेऊर गारठते, सोलापूर नाही, असे का?

हिवाळ्यात हवामान विभागाची रोजची यादी पाहणाऱ्यांना जेऊर हे नाव परिचित आहे. करमाळा तालुक्यातील, रेल्वेमार्गावरचे हे गाव टेंभुर्णीच्या उत्तरेला साधारण पंचवीस-तीस किलोमीटरवर आहे. तिथे हवामान विभागाचे केंद्र आहे आणि त्याचा किमान तापमानाचा आकडा अनेकदा सोलापूर शहरापेक्षा बराच खाली असतो. कित्येकदा मध्य महाराष्ट्रातील सर्वांत थंड ठिकाणांत जेऊर दिसते. गंमत म्हणजे उन्हाळ्यात तापलेल्या गावांच्या यादीतही ते असते. मोकळे माळरान, कोरडी हवा, विरळ वस्ती. अशी जमीन दिवसा लवकर तापते आणि रात्री लवकर निवते. सोलापूरचे मोजमाप शहरी वस्तीच्या सावलीत होते. सिमेंट आणि डांबर दिवसभराची उष्णता रात्री हळूहळू सोडत राहतात.

टेंभुर्णीकरांना वर्तमानपत्रात दिसतो तो आकडा मात्र बहुतेकदा सोलापूरचा. ‘सोलापूर १३ अंश’ वाचून निर्धास्त झालेल्या माढा-करमाळ्याच्या शेतकऱ्याच्या रानात त्याच पहाटे ९ अंश असणे अजिबात अशक्य नाही. त्याने जेऊरचा आकडा पाहणे अधिक शहाणपणाचे.

पण जेऊरही टेंभुर्णी नव्हे, आणि याचे कारण उजनी. ११७ टीएमसीचा हा जलाशय पावसाळ्यानंतर भरलेला असतो. पाणी जमिनीपेक्षा फार सावकाश थंड होते. त्यामुळे बॅकवॉटरला अगदी लागून असलेल्या बागेत रात्रीचा पारा तुलनेने वर राहतो आणि हवेत दमटपणाही अधिक असतो. त्याच गावाच्या शिवारात, पाण्यापासून चार-पाच किलोमीटर आत, ओढ्याकाठच्या खोलगट रानात चित्र उलटे. थंड हवा जड असते. वारा पडला की ती पाण्यासारखी उतारावरून वाहत खाली येते आणि खोलगटीत साचते. जुन्या शेतकऱ्यांना हे ठाऊक असते. ‘वरच्या रानापेक्षा ओढ्याचं रान गार’ हे सांगायला त्यांना महासंगणक लागत नाही. मॉडेलला मात्र तो ओढा दिसत नाही. ६ किलोमीटरच्या तुकड्यातही नाही.

यात आणखी एक फरक मिसळतो. वेधशाळेची तापमापी जमिनीपासून सव्वा ते दीड मीटर उंचीवर, पांढऱ्या लाकडी पेटीत असते. मॉडेलचे तापमान २ मीटर उंचीचे असते. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमिनीलगतचे तापमान त्याहून काही अंशांनी खाली असते. महाबळेश्वरला दर हिवाळ्यात हे दिसते. वेण्णा तलावाच्या परिसरात दवबिंदू गोठल्याचे फोटो येतात आणि त्याच दिवशी वेधशाळेचा आकडा शून्याच्या बराच वर असतो. मग ‘वेधशाळा खोटे सांगते’ अशी चर्चा रंगते. दोन्ही खरे असतात. एक पेटीतले, एक गवतावरचे. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस निफाडमध्ये पारा २ अंशांच्याही खाली गेला आणि द्राक्षपट्ट्यात पाने-वेलींवर बर्फाचा थर दिसला, तेव्हा जमिनीलगत काय स्थिती असेल याची कल्पना यावरून करता येते.

नकाशा हातात आला. आता पाहायचे काय?

‘विंडी’सारख्या ॲपवर युरोपीय, अमेरिकी आणि जर्मनीचे ‘आयकॉन’ अशी मॉडेल एका बोटाने बदलता येतात. गावोगावचे तरुण शेतकरी ते करतातही. अडचण पाहण्यात नसून निवडण्यात आहे. तीन मॉडेलपैकी सर्वांत कमी आकडा दाखवणारे चित्रच पुढे पाठवले जाते, कारण १२ अंशांचा नकाशा कुणी फॉरवर्ड करत नाही.

सर्वांत आधी वेळ पाहावी. मॉडेल जागतिक प्रमाणवेळेवर चालतात. नकाशावर ००० तास किंवा ‘००झेड’ लिहिले असेल तर ते भारतातील पहाटे साडेपाच. १२झेड म्हणजे संध्याकाळी साडेपाच. जानेवारीत टेंभुर्णीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि पारा सर्वांत खाली असतो तो त्याच्या थोडा आधी. म्हणजे साडेपाचचा नकाशाही पूर्ण नीचांक दाखवत नाही, आणि रात्री साडेअकराचा नकाशा पाहून ‘१६ अंश आहे, काही होत नाही’ म्हणणारा तर पुरताच फसतो.

दुसरे, अंदाज किती दिवस पुढचा आहे. पहिल्या तीन दिवसांचे किमान तापमान बऱ्यापैकी भरवशाचे. पाच-सात दिवसांवर वाऱ्याची दिशा आणि थंडीचा कल घ्यावा, आकडा घेऊ नये. दहाव्या दिवशीचा ४ अंशांचा जांभळा ठिपका करमणुकीपुरता. ‘जीएफएस’ दिवसातून चार वेळा चालते आणि १६ दिवसांपर्यंत पाहते. सकाळी दिसलेला ठिपका संध्याकाळच्या फेरीत नाहीसा होतो, हे नित्याचे आहे. सलग तीन-चार फेऱ्यांत थंडी त्याच तारखांना, त्याच भागात टिकून राहिली तर मात्र ती गांभीर्याने घ्यावी. त्यापुढचा काळ पाहायचा तर हवामान विभागाचा दर गुरुवारचा विस्तारित अंदाज आहे. तो आठवड्याची सरासरी सांगतो, एखादी पहाट नव्हे.

तिसरी आणि कळीची गोष्ट म्हणजे समूह अंदाज. सुरुवातीच्या नोंदीत बारीकशी चूक असेल तरी पुढे मोठा फरक पडतो, हे अमेरिकी हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लोरेन्झ यांनी १९६३ च्या निबंधात दाखवले. त्यावरचा तोडगा असा की एकाच मॉडेलला थोड्या-थोड्या वेगळ्या सुरुवाती देऊन अनेक वेळा चालवायचे. युरोपीय केंद्र आणि अमेरिका यांनी १९९२ मध्ये ही पद्धत नियमित वापरात आणली. आज युरोपीय केंद्र ५१ अंदाज एकत्र काढते. समजा, त्यातील ४५ अंदाज शुक्रवारी पहाटे १० अंशांखाली जात असतील, तर थंडी जवळपास ठरलेली. २५ एकीकडे आणि २६ दुसरीकडे असतील तर मॉडेल प्रामाणिकपणे ‘अजून कळत नाही’ असे सांगत आहे. ॲप मात्र ५१ पैकी एकच आकडा दाखवते, आणि ती अनिश्चितता वाचकापर्यंत पोहोचतच नाही. पावसासाठी ‘६० टक्के शक्यता’ दाखवणारी ॲप तापमानाच्या बाबतीत इतकी ठाम का असतात, हा प्रश्न त्यांच्या निर्मात्यांना विचारायला हवा.

थोडी खोलात जाण्याची तयारी असेल तर ८५० हेक्टोपास्कलचा नकाशा उपयोगी. हा थर समुद्रसपाटीपासून सुमारे दीड किलोमीटरवर, म्हणजे टेंभुर्णीच्या डोक्यावर साधारण एक किलोमीटर. तिथे ओढा, तलाव, डांबर यांचा गोंधळ कमी असल्याने मॉडेलचा अंदाज अधिक स्थिर असतो. वर थंड हवा आली, वारा उत्तरेचा, आभाळ निरभ्र आणि जमिनीलगत वारा पडलेला, असे चार योग जुळले की खोलगट रानात ॲपच्या आकड्यातून दोन-तीन अंश वजा करून तयारी केलेली बरी. यातला एक जरी योग हुकला, विशेषतः आभाळाचा, तर पारा सहज चार-पाच अंशांनी वर थांबतो.

आणि ज्यांना नकाशांचा कंटाळा आहे त्यांनी संध्याकाळचा दवबिंदू पाहावा. बहुतेक ॲपमध्ये तो असतो. दवबिंदू १५ असेल तर पहाटे पारा त्याच्या फार खाली जात नाही, कारण दव पडताना बाष्प उष्णता सोडते. दवबिंदू ५ असेल तर घसरणीला मोकळे मैदान आहे.

विम्याला अंदाज चालतो का?

नाही, आणि इथे प्रश्न पैशांचा होतो. उजनीच्या पाण्यावर माढा-करमाळ्यात केळी वाढली, कंदर-टेंभुर्णी पट्ट्यातून ती परदेशात जाऊ लागली. हवामानावर आधारित फळपीक विमा योजनेत केळीसाठी थंडीचा निकष आहे : नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात सलग तीन दिवस किमान तापमान ८ अंश किंवा त्याखाली. हे मोजायचे महसूल मंडळातील स्वयंचलित हवामान केंद्रावर. ‘महावेध’ प्रकल्पात राज्यभर अशी दोन हजारांहून अधिक केंद्रे उभी आहेत. मोबाइलवरील ६ अंशांचा स्क्रीनशॉट, वेधशाळेचा इशारा, शेतातील स्वतःची तापमापी, यांतले काहीही दाव्यात चालत नाही.

मग सगळा भार येतो त्या एका केंद्राच्या जागेवर. ते उंचवट्यावर आहे की खोलगटीत, भिंतीलगत आहे की मोकळ्यावर, यावर ७.९ आणि ८.३ मधला फरक ठरतो; आणि त्या फरकावर शेकडो बागायतदारांची भरपाई. दोन रात्री ७ अंश आणि तिसऱ्या रात्री ढग आल्याने ९ अंश झाले तर निकष मोडतो, बागेचे नुकसान मात्र झालेले असते. मंडळनिहाय पावसाचा आकडा पावसाळ्यात रोज चर्चेत असतो. किमान तापमानाचा आकडाही हिवाळ्यात तसाच रोज सकाळी ग्रामपंचायतीच्या फलकावर आणि व्हॉट्सॲप गटावर यायला हवा. हंगाम संपल्यावर विमा कंपनीकडून तो कळण्यात काही हशील नाही. केंद्राची जागा चुकीची वाटत असेल तर हरकत घेण्याची वेळही थंडी पडण्याआधीची आहे, नंतरची नव्हे.

इशारा पोहोचतो कुणापर्यंत?

२०१९ पासून ‘मेघदूत’ ॲपवर दर मंगळवारी आणि शुक्रवारी मराठीतून कृषी सल्ला येतो. २४ ऑक्टोबर २०२४ पासून ग्रामपंचायत पातळीवरचा अंदाजही ‘मेरी पंचायत’ व ‘ई-ग्रामस्वराज’वर मिळू लागला. त्याच वर्षी, मार्चअखेर, देशभरातील १९९ जिल्हा कृषी हवामान केंद्रे मात्र बंद झाली. अंदाज गावापर्यंत आला आणि तो गावच्या पिकाच्या भाषेत समजावणारा माणूस गेला. ‘किमान तापमान ९ अंश’ हे वाक्य केळीवाल्याला एक सांगते, गहू-हरभरावाल्याला दुसरे (त्याला ही थंडी हवीच असते), आणि द्राक्षवाल्याला मण्यांत गोडी उतरण्याच्या दिवसांत ती गुलाबी मण्यांची भीती घालते. हा फरक कुठलेही ॲप सांगत नाही.

आणि ज्यांच्या हातात यातले काहीच पोहोचत नाही, ते गाळपाच्या हंगामात टेंभुर्णीच्या आसपासच असतात. माढा तालुक्यात पिंपळनेरसह कारखान्यांची धुराडी पेटली की बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून टोळ्या येतात. त्यांच्या कोप्या उभ्या राहतात त्या बहुधा ओढ्याकाठच्या मोकळ्या, खोलगट जागेत; म्हणजे शिवारातील सर्वांत गार ठिकाणी. पाचटाच्या भिंती, खाली ओल, आणि पहाटे चारला फडाकडे निघायचे. थंडीच्या इशाऱ्याचा पहिला हक्क असलाच तर त्यांचा. नारंगी रंग दिसल्यावर तोड दोन तास उशिरा सुरू करणे, कोप्यांसाठी उंचवट्याची जागा देणे, लहान मुलांसाठी जाड पांघरुणे पुरवणे, बंद कोपीत शेगडी पेटती ठेवून झोपू नये हे टोळीच्या मुकादमामार्फत सांगणे, याला मॉडेलची अचूकता अर्ध्या अंशाने वाढण्याची वाट पाहावी लागत नाही. कारखान्याच्या शेतकी विभागाकडे प्रत्येक टोळीच्या मुकादमाचा नंबर असतो. त्या नंबरांवर रोज संध्याकाळी ट्रॅक्टर किती आणि कुठे, हे कळवले जातेच. उद्या पहाटेचा पारा त्याच निरोपात एका ओळीत बसतो.